मॅनेटीचा माग: टॅग लावण्यापासून नकाशा वाचण्यापर्यंत

रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून जवळजवळ जातच नाहीत. मॅनेटीचा (पाण्यातलं गवत खाणाऱ्या संथ, अवाढव्य सस्तन प्राण्याचा) माग काढण्यातल्या बहुतेक युक्त्या आणि बहुतेक डोकेदुखी इथूनच सुरू होतात. वाघाच्या गळ्यात कॉलर घालता येते. मॅनेटीला कॉलर अडकेल अशी मानच नाही, आणि श्वासापुरतं नाक वर काढलं की ती पुन्हा पाण्याखाली. म्हणून अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात १९८० च्या दशकात रुळलेली पद्धत आजही वापरात आहे: शेपटीच्या बुंध्याला पट्टा, पट्ट्याला टेदर, म्हणजे वाकणारी पण ताठसर दोरीवजा दांडी, आणि टेदरच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा टॅग. प्राणी उथळ पाण्यात संथ असला की टॅग वर येतो, त्याला आकाश दिसतं, ठिकाणाची नोंद मिळते. प्राणी खोल गेला किंवा भराभर पोहू लागला की टॅग ओढला जाऊन बुडतो आणि नोंद चुकते.

नवीन मंडळी पहिल्यांदा इथेच फसतात. नकाशावर जिथे ठिपके दाट, तिथे मॅनेटी जास्त वेळ होती असं ते धरून चालतात. दाट ठिपक्यांचा खरा अर्थ एवढाच की तिथे टॅग जास्त वेळ पाण्यावर होता. न आलेल्या नोंदींचाही हिशेब ठेवायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

आधी परवानगी, मग पाणी

फ्लोरिडात मॅनेटीला तीन कायद्यांचं संरक्षण आहे: १९७२ चा सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा, १९७३ चा संकटग्रस्त प्रजाती कायदा आणि राज्याचा १९७८ चा मॅनेटी अभयारण्य कायदा. २०१७ मध्ये केंद्रीय यादीत तिचा दर्जा एक पायरी सौम्य झाला, तरी तिला पकडणं, तिचा पाठलाग करणं, तिला खाऊ घालणं किंवा नळीने गोडं पाणी पाजणं आजही गुन्हाच आहे. व्हेल आणि डॉल्फिनवरच्या संशोधनाची परवानगी नोआ (अमेरिकेची सागर व हवामान संस्था) देते. मॅनेटीची मात्र यूएस फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या केंद्रीय वन्यजीव खात्याकडून घ्यावी लागते. चुकीच्या दारात अर्ज करून महिने वाया घालवणारे कमी नाहीत.

नवख्याने स्वतः टॅग लावण्याचा विचार बाजूला ठेवावा. परवानगी संस्थेच्या आणि प्रशिक्षित माणसांच्या नावाने मिळते. तुम्ही त्यांच्या हाताखाली शिकता. शिरकाव करायला तीन कामं बरी: बोटीवर रिसीव्हर ऐकणं, किनाऱ्यावरून निरीक्षणाच्या नोंदी करणं, किंवा संगणकावर नोंदी साफ करणं. आमचं मत विचाराल तर तिसऱ्यापासून सुरुवात करा. नोंदी कशा बिघडतात हे आधी पाहिलेला माणूस पाण्यावर योग्य गोष्टी टिपतो.

टॅगमध्ये असतं काय

पट्टा आतून मऊ आणि बाहेरून चिवट असतो. शेपटीचं गोल वल्हं सुरू होण्याआधी जिथे शरीर सर्वांत बारीक होतं, तिथे तो बसतो. पुढे रुंद शरीर आणि मागे रुंद शेपटी असल्यामुळे तो निसटत नाही. पट्ट्यात बहुधा एक ध्वनिप्रेषकही असतो. त्याचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, पण हायड्रोफोनला, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनला, येतो. टॅग तुटून गेला तरी पट्टा अंगावर असलेली मॅनेटी यामुळेच सापडते.

टेदर साधारण दीड-दोन मीटर लांबीचा, नायलॉनचा आणि मुद्दाम थोडा ताठ ठेवलेला असतो. मऊ दोरी खारफुटीच्या मुळांना किंवा खेकड्याच्या पिंजऱ्याच्या दोराला वेढे घेते, ताठ दांडी सहसा घेत नाही. तरीही अडकलाच तर जोर देताच तुटावा असा एक कमकुवत सांधा टेदरमध्ये ठेवलेला असतो. पट्ट्याच्या जोडणीतही खाऱ्या पाण्यात हळूहळू गंजणारा भाग असतो, म्हणजे संशोधक पुन्हा पोचले नाहीत तरी पट्टा कधीतरी आपोआप गळून पडतो. सांधा जास्त मजबूत करून ‘टॅग वाचवण्याचा’ मोह टाळा. टॅग तुटणं हे अपयश नव्हे, प्राणी बुडण्यापासून वाचवणारी ती सोय आहे.

टॅग म्हणजे तरंगणारी नळकांडी. तिच्यात जीपीएस, नोंदी उपग्रहामार्फत पाठवणारा प्रेषक आणि जवळून शोधण्यासाठी व्हीएचएफ (रेडिओ) प्रेषक. सोबत पाण्याचं तापमान मोजणारा आणि टॅग किती वेळा कलंडला हे मोजणारा संवेदक. बाहेरून रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांच्या क्रमावरून दुर्बिणीतूनच ओळख पटते.

जीपीएस नसलेल्या जुन्या टॅगच्या नोंदी हाताशी आल्या तर त्या आर्गोस या उपग्रहांवरून ठिकाण काढणाऱ्या प्रणालीच्या असतील. तिथे प्रत्येक नोंदीला दर्जा असतो. दर्जा ३ म्हणजे अंदाजे २५० मीटरच्या आतली चूक, २ म्हणजे २५० ते ५००, १ म्हणजे ५०० ते १५०० मीटर, ० म्हणजे त्याहून जास्त. ए आणि बी दर्जाला चुकीचा अंदाजच दिलेला नसतो. ‘ती कुठल्या खाडीत होती’ या प्रश्नाला १ दर्जाची नोंद चालते. ‘गवतावर होती की शेजारच्या बोटींच्या मार्गात’ याला ३ दर्जाची नोंदही पुरत नाही. तिथे काही मीटरची अचूकता असलेलं जीपीएसच लागतं.

पकड आणि पट्ट्याचं माप

प्रौढ मॅनेटी साधारण तीन मीटर लांब आणि साडेचारशे किलोच्या आसपास असते. जाळं टाकणारे, ओढणारे, श्वास मोजणारा, नोंदी लिहिणारा आणि पशुवैद्य अशी मोठी तुकडी असल्याशिवाय पकड करत नाहीत. नवख्याच्या वाट्याला बहुतेकदा श्वास मोजणं येतं, आणि ते दुय्यम काम मुळीच नाही. आरामात असलेली मॅनेटी वीस मिनिटांपर्यंतही श्वास रोखू शकते, पण पाण्याबाहेर ताणात असताना तेवढी वाट पाहायची नसते. प्रत्येक श्वास मोठ्याने पुकारा, वेळ लिहा. दोन श्वासांतलं अंतर पाच मिनिटांकडे सरकू लागलं की पशुवैद्याला लगेच सांगा. अंगावर सतत पाणी ओतत राहा, नाकपुड्यांवर मात्र नाही. सगळं काम तासाभरात उरकायचं. हवा थंड असेल तर त्या दिवशी पकडच नको.

पट्टा बांधण्याआधी बुंध्याचा घेर टेपने मोजतात. पट्टा घट्ट बसला तर कातडी सोलवटते, ढिला राहिला तर घसरून शेपटीवर येतो. उपचार घेऊन नुकत्याच सोडलेल्या किंवा वाढत्या वयाच्या मॅनेटीचं वजन पुढच्या महिन्यांत वाढतं, म्हणून तिच्या पट्ट्यात वाढीला जागा ठेवावी लागते आणि तिची पाहणीही वरचेवर करावी लागते. त्याच वेळी खांद्याच्या भागात कातडीखाली पिट चिप (ओळख-क्रमांकाची बारीक चिप) बसवतात. पट्टा गेला, टॅग गेला, तरी चिप वाचून ओळख पटते.

पट्टा एकदा बसला की टॅग बदलायला दरवेळी पकड लागत नाही. अनुभवी माणूस शांत पाण्यात पोहत मागून येतो, तरंगता टॅग हातात घेतो, बॅटरी संपत आलेला काढून नवा जोडतो. पुष्कळदा मॅनेटी चरायचंही थांबवत नाही. तिने शेपटी उचलली की हात सोडायचा. त्या एका फटकाऱ्यात माणूस दूर फेकला जातो.

रिसीव्हर घेऊन पाण्यावर

उपग्रहाकडून आलेली शेवटची नोंद बघून त्या भागात जायचं आणि पुढचं काम व्हीएचएफवर करायचं. क्रम असा:

१. निघण्याआधी त्या टॅगची वारंवारता रिसीव्हरमध्ये भरा आणि सोबतच्या चाचणी-टॅगवर तपासा. खारट हवेत केबलचे जोड गंजतात. ‘सिग्नलच नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा जोडच असतो.

२. यागी अँटेनाच्या (दिशा शोधायच्या, काड्या लावलेल्या अँटेनाच्या) काड्या उभ्या धरा. टॅगची अँटेना पाण्यावर उभी असते, त्यामुळे अँटेना आडवी धरली तर सिग्नल बराच पडतो.

३. उंच जागी उभे राहा आणि एकाच दिशेला काही मिनिटं थांबा. टॅग बुडालेला असताना तुम्ही तीनदा गोल फिरलात तरी काहीच ऐकू येणार नाही. टिक-टिक सुरू होऊन अचानक थांबली तर ती लक्षण म्हणून लिहा: प्राणी हलतोय.

४. जवळ जाल तसा गेन (रिसीव्हर सिग्नल किती वाढवतो ते) कमी करत राहा. गेन पूर्ण ठेवला तर सगळीकडून सारखाच जोरदार आवाज येतो आणि दिशा कळत नाही.

५. किनाऱ्यावरून दिशा घेत असाल तर तीन ठिकाणांहून घ्या, पटापट घ्या. पुलाचे गर्डर, लोखंडी बोटी आणि पाण्याकाठच्या उंच इमारती सिग्नल परतवतात. एक दिशा बाकी दोघींशी जुळत नसेल तर तिथून पुन्हा घ्या.

शेवटचे शंभर-दोनशे मीटर इंजिन बंद. बांबूसारख्या लांब काठीने बोट ढकला किंवा विजेवरची छोटी मोटर वापरा. ध्रुवीकृत काचांचा चष्मा नसेल तर पाण्याच्या चकाकीपलीकडे काही दिसत नाही. पृष्ठभागावर एकामागोमाग उमटणारी गुळगुळीत, लांबट वर्तुळं शोधा. पाण्याखाली शेपटीचा प्रत्येक फटका असं एक वर्तुळ वर सोडतो, आणि त्यांच्या ओळीवरून चाल व दिशा दोन्ही कळतात. आराम करणारी मॅनेटी काही मिनिटांनी फक्त दोन नाकपुड्या वर काढते, फुस्स आवाज होतो, झडपा मिटतात, खाली.

दिसली की टिपायचं काय? वेळ, जीपीएस, ती काय करते आहे (चरणं, आराम, प्रवास, इतरांशी लगट), सोबत पिल्लू आहे का, पाण्याची खोली, पृष्ठभागाचं आणि तळाचं तापमान, क्षारता, तळाशी कोणतं गवत. पट्ट्याखालची कातडी दिसली तर तिची अवस्था. आणि टॅगवर किती शेवाळ व बार्नेकल (चिकटून वाढणारे कवचाचे जीव) चढलेत हेही, कारण उन्हाळ्यात ते इतके साचतात की टॅग जड होऊन नीट तरंगतच नाही आणि नोंदी आटतात. खाली संगणकावर बसलेल्याला वाटतं प्राण्याने सवय बदलली.

टॅग सुटलाय की प्राणी झोपलाय

हा प्रश्न रोज पडतो. त्याचं उत्तर बऱ्याचदा उलट्या बाजूने मिळतं: नोंदी अचानक *फार चांगल्या* येऊ लागल्या तर संशय घ्या. अर्ध्या तासाला एक म्हणजे दिवसाला ४८ नोंदी ठरवल्या असतील, तर जिवंत, फिरत्या मॅनेटीच्या सगळ्याच्या सगळ्या क्वचित येतात. सुटलेला टॅग मात्र चोवीस तास वर तरंगतो. ४८ पैकी ४८ नोंदी, कलंडण्याचे आकडे नुसत्या लाटांइतके, आणि मार्ग वारा किंवा भरती-ओहोटीबरोबर डुलणारा दिसला की टॅग आणायला निघा.

याउलट सगळ्या नोंदी काही मीटरच्या वर्तुळात आणि कलंडण्याचे आकडे जिवंत प्राण्यासारखे असतील, तर टेदर कशात तरी अडकला असण्याची शक्यता आहे. इथे थांबायचं नाही. त्याच दिवशी माणूस पाठवायचा. तिसरी शक्यता, ॲलिगेटरने टॅग चावला किंवा बोटीचा प्रोपेलर त्यावरून गेला: नोंदी एकदम शून्य. हिवाळ्यात उबेसाठी गर्दी झालेल्या झऱ्यात दुसऱ्या मॅनेटी टेदर तोंडात धरून चघळतात, तेव्हाही काही तास विचित्र आकडे येतात. त्याने घाबरू नका.

कधी टॅग बोटीत किंवा ट्रकमध्ये चढतो. हायवेवरून सरळ रेषेत जाणाऱ्या नोंदी दिसल्या तर कुणीतरी सापडलेला टॅग घरी नेतोय. टॅगवर परतीचा फोन क्रमांक आणि ‘ओढू नका’ ही सूचना ठळक, टिकाऊ अक्षरांत असली पाहिजे. जखमी मॅनेटी किंवा कुणी टॅग ओढताना दिसलं तर फ्लोरिडाच्या वन्यजीव आयोगाची हॉटलाइन आहे: १-८८८-४०४-३९२२.

नोंदी साफ करताना

मूळ फाइलला हात लावू नका. प्रत्येक पायरीची वेगळी प्रत ठेवा. वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात. फ्लोरिडाच्या बहुतेक भागासाठी हिवाळ्यात पाच आणि उन्हाळ्यात चार तास वजा करावे लागतात. राज्याच्या पश्चिम टोकाला आणखी एक. हा फरक विसरलात तर ‘मॅनेटी रात्री झऱ्याबाहेर चरते’ असा निष्कर्ष निघतो आणि तो भर दुपारचा असतो.

वेगाची चाळणी लावा. मॅनेटीची नेहमीची चाल ताशी ५ ते ८ किलोमीटर असते. घाबरून पळताना ती थोडा वेळ २४ पर्यंत जाते. अर्ध्या तासाच्या अंतराने आलेल्या दोन नोंदी ताशी वीसचा वेग दाखवत असतील तर त्यातली एक चुकीची आहे. मात्र भौगोलिक चौकट लावून ‘इथे मॅनेटी असूच शकत नाही’ म्हणत नोंदी कापू नका. चेसी नावाचा नर १९९४ मध्ये फ्लोरिडाच्या दूर उत्तरेला चेसापीक उपसागरात सापडला, त्याला विमानाने फ्लोरिडात आणून टॅग लावून सोडलं, आणि १९९५ च्या उन्हाळ्यात तो त्याहूनही उत्तरेला ऱ्होड आयलंडपर्यंत पोहत गेला. चौकट लावली असती तर सर्वांत मोलाचा प्रवास कचऱ्यात गेला असता.

जमिनीवर पडलेल्या नोंदीही लगेच पुसू नका. किनाऱ्याचा नकाशा जुना असतो, खारफुटीतल्या अरुंद नाळा त्यात नसतात. उपग्रहचित्रावर पाहा. जवळच्या पाण्यात ‘सरकवलेली’ नोंद वेगळ्या रकान्यात ठेवा, मूळ तशीच राहू द्या.

आता मुख्य काम. टॅगने प्रयत्न केला पण नोंद मिळाली नाही, अशा अयशस्वी प्रयत्नांची यादी टॅगमध्ये असते. बहुतेक लोक ती उतरवतच नाहीत. ती उतरवा. दर दिवसाचं आणि दर तासाचं यशाचं प्रमाण काढा, मग खोलीप्रमाणे काढा. टेदर दीड-दोन मीटर असेल तर तळाशी चरणाऱ्या मॅनेटीचा टॅग साधारण त्याहून खोल पाण्यात बुडणार, आणि तुमच्या नकाशात खोल पाण्याचा वापर कमी दिसणार. हे प्रमाण हाताशी असलं की खोल भागातल्या मोजक्या नोंदींना जास्त वजन देता येतं. एक-दोन तासांची तूट मार्ग जोडून भरून काढायला हरकत नाही. दिवसभराची तूट भरू नका. तिथे रिकामी जागा दाखवणंच प्रामाणिक.

अधिवास: कोणता थर कशावर ठेवायचा

वावरक्षेत्र काढताना नुसता कर्नेल (ठिपक्यांच्या दाटीवरून क्षेत्र काढणारी गणिती पद्धत) वापरला तर तो जमिनीवरून पलीकडे सांडतो. इंडियन रिव्हर लगून (किनाऱ्यालगतचं उथळ, खाऱ्या पाण्याचं सरोवर) आणि अटलांटिक यांच्यामध्ये बेटांची एक चिंचोळी पट्टी आहे. लगूनमध्येच राहिलेली मॅनेटी कर्नेलच्या नकाशात अर्धी समुद्रात दिसते. अंतर पाण्याच्या वाटेने मोजा आणि जमीन अडथळा म्हणून द्या. उन्हाळा आणि हिवाळा वेगळे काढा, नाहीतर दोन्ही मिळून असं एक क्षेत्र तयार होतं जिथे ती वर्षात कधीच एकदम नसते.

पाण्याचं तापमान २० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागलं की मॅनेटीला उबेची जागा गाठावीच लागते: ब्लू स्प्रिंग किंवा क्रिस्टल रिव्हरसारखे बारमाही २२-२३ अंशांचे झरे, नाहीतर वीजकेंद्रांचं कोमट पाणी. टॅगवरचं तापमान इथे दगा देऊ शकतं. नैर्ऋत्य फ्लोरिडात पोर्ट ऑफ द आयलंड्ससारख्या ठिकाणी वर थंड, गोडं पाणी आणि तळाशी उबदार, खारं पाणी असे थर तयार होतात. खारं पाणी जड असल्यामुळे उबदार असूनही ते खालीच राहतं. टॅग वर तरंगत थंड पाणी मोजतो, मॅनेटी खाली उबेत पहुडलेली असते. अशा जागी तळाला आणि पृष्ठभागाला वेगवेगळे तापमान-लॉगर टाका, आणि जमल्यास पट्ट्यावरही एक.

खोलीचे आकडे नोआच्या नकाशातले असतील तर ते रोजच्या खालच्या ओहोटीच्या सरासरीवर असतात. त्या वेळची भरती मिळवल्याशिवाय ते वापरू नका. गवताची कित्येक उथळ पठारं मॅनेटीला फक्त भरतीलाच गाठता येतात.

गवताचा नकाशा त्याच वर्षाचा घ्या. इंडियन रिव्हर लगूनमध्ये २०११ पासून वारंवार आलेल्या शैवालबहरांनी सूर्यप्रकाश अडवला आणि सागरी गवत मोठ्या प्रमाणात मेलं. २०२१ मध्ये राज्यात सुमारे ११०० मॅनेटी मेल्या, त्यातल्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या पुष्कळशा उपासमारीने. जुन्या नकाशावर या काळातल्या नोंदी टाकल्या तर मॅनेटी ‘हिरव्यागार गवतावर’ दिसतात. खाली उघडी वाळू होती. शिवाय गोड्या पाण्याचे स्रोत नकाशात घाला, नाल्यांची तोंडं आणि बंदरांतल्या गळक्या नळांसकट. खाऱ्या पाण्यातली मॅनेटी ठरावीक दिवसांनी एखाद्या कोपऱ्यात का जाते, याचं उत्तर तिथे असतं.

टॅग न लावता

छायाचित्रांवरून ओळख पटवणं स्वस्त आणि वर्षानुवर्षं चालणारं. बोटींच्या प्रोपेलरनी पाडलेले व्रणच इथे ठसे होतात. पाठ, दोन्ही बाजू आणि शेपटी, सगळे फोटो हवेत. एकाच बाजूचे फोटो यादीत जुळत नाहीत. ताजी जखम भरताना आकार बदलते, म्हणून जुने, करडे-पांढरे व्रण मोजा. पोट दिसलं तर लिंगही लिहा: मादीत जननछिद्र गुदद्वाराजवळ, नरात बेंबीजवळ. व्रण नसलेल्या तरुण मॅनेटी या पद्धतीतून निसटतात, हे गणितात धरा.

गढूळ नद्यांत साइड-स्कॅन सोनार (ध्वनीने पाण्याखालचं चित्र काढणारं यंत्र) किंवा हायड्रोफोन उपयोगी पडतो, स्वच्छ उथळ पाण्यात ड्रोन. ड्रोनलाही परवानगी लागते. आणि खाली मॅनेटीने डुबकी मारली किंवा दिशा बदलली तर उंची वाढवा.

नोंदी मूव्हबँकसारख्या प्राण्यांच्या प्रवासनोंदींच्या ऑनलाइन भांडारात ठेवताना टॅगचा क्रमांक, टेदरची लांबी, नोंदींचं ठरवलेलं वेळापत्रक, टॅग बदलल्याच्या तारखा आणि अयशस्वी प्रयत्नांची यादी सोबत द्या. चालू ठिकाणं लोकांसाठी लगेच खुली करू नका. कुठल्या खाडीत टॅग लावलेली मॅनेटी आहे हे कळलं की तासाभरात तिथे कायाक जमतात.